पुढच्यास ठेच लागली, पण मागच्याला ती दिसली का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच देशांतले सात गट मिळून एक मोठं वैज्ञानिक उपकरण उभारत आहेत. प्रत्येक गट आपापला भाग बनवतो आणि शेवटी सगळं एका जागी जोडलं जाणार आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ‘लेसन्स लर्न्ड’चा, म्हणजे चुकांतून मिळालेल्या धड्यांचा, सामायिक डेटाबेस सुरू केला. त्यात आता चारशेच्या वर नोंदी आहेत, दर महिन्याला बैठकही होते. तरीही एका गटाने केलेली चूक सहा महिन्यांनी दुसरा गट जशीच्या तशी करतो, म्हणजे पहिले पाढे पंचावन्न. विचारणाऱ्याच्या गळ्यात आता या कामाचं समन्वयन पडलं आहे, आणि लोकांनी नोंदी वाचाव्यात म्हणून काय करावं, असं त्यांनी विचारलं आहे.

मी वीसेक वर्षं अशाच बहुदेशीय प्रकल्पांत व्हॅक्यूम आणि जुळणीच्या कामात आहे. त्यातली काही वर्षं तुमच्यासारखंच समन्वयनही केलं, त्यामुळे खाली जे आहे त्यातलं बरंचसं स्वतः आपटून कळलेलं आहे.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ या म्हणीत दोन गोष्टी गुपचूप गृहीत धरलेल्या आहेत: दोघं एकाच वाटेने चालले आहेत, आणि मागच्याला पुढचा दिसतो आहे. तुमच्याकडे दोन्ही नाही. पुढचा ठेचकाळतो तेव्हा मागचा दुसऱ्या खंडात झोपलेला असतो. सहा महिन्यांनी तो त्याच दगडापाशी येतो, तेव्हा पुढच्याने लिहिलेली नोंद डेटाबेसात १८७व्या क्रमांकावर पडलेली असते. म्हणून लोकांना वाचायला कसं लावायचं हा तुमचा प्रश्न मी जरा बदलून घेतो: खूण त्या दगडावरच कशी करायची?

आधी डेटाबेसचं बोलू. तो कुणी उघडत नाही याचं फार मनाला लावून घेऊ नका. नासाचीही अशी धड्यांची यंत्रणा आहे. त्यांच्या महानिरीक्षक कार्यालयाने तिची तपासणी केली, तेव्हा मार्च २०१२च्या अहवालात हेच निघालं की प्रकल्प व्यवस्थापक तिच्यात क्वचितच डोकावतात आणि क्वचितच भर घालतात. जिथे एका चुकीपायी अख्खं यान जाऊ शकतं तिथे ही गत, तर तुमची-माझी काय कथा. यात लोकांचा आळस फारसा नाही. आपल्याला काय माहीत नाही हेच काम करणाऱ्याला माहीत नसतं, मग तो शोधणार काय? बोल्टचे आटे जाम होऊ शकतात हे ज्याच्या स्वप्नातही नाही, तो ‘आटे जाम’ असं टाइप करून शोध घेईल कशाला?

मी तुमच्या जागी असतो तर आधी नवीन नोंदी घेणं महिनाभर थांबवलं असतं. प्रत्येक गटातला एक हाताने काम करणारा माणूस (व्यवस्थापक नको) बोलावून त्या चारशे नोंदी घेऊन बसलो असतो, आणि प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारला असता: ही कुठल्या कागदावर जायला हवी? ड्रॉइंगवरच्या टिपेत? खरेदीच्या तपशिलात? जुळणीच्या कार्यपद्धतीत कुठल्या पायरीच्या आधी? चाचणीच्या फॉर्मवर? डिझाइन रिव्ह्यूच्या चेकलिस्टमध्ये? जिला कागद सापडतो ती तिकडे जाते. जिला सापडत नाही ती काढून टाकायची. ‘पुरवठादारांशी संवाद सुधारावा’, ‘नियोजनाला पुरेसा वेळ द्यावा’ या छापाच्या नोंदी इथेच गळतात, आणि माझ्या अनुभवात त्याच निम्म्याहून जास्त असतात. लिहिणाऱ्यांना वाईट वाटतं, पण सांगायचंच तर त्यांनाही त्या परत वाचवत नाहीत.

कागदावर पायरी टाकली की तिच्या शेजारी मूळ नोंदीचा क्रमांक लिहा. हे क्षुल्लक वाटेल, पण नाही. दोन वर्षांनी नवा माणूस येतो, त्याला पायरी १४ निरर्थक दिसते, वेळ वाचवायचा असतो, तो ती काढून टाकतो. पायरीमागे काय घडलं होतं हे एका क्लिकवर वाचायला मिळालं तर बहुतेक वेळा त्याचा हात थांबतो. डेटाबेसचा खरा उपयोग मला इथेच दिसला आहे: पायरीवरून मागे कारणाकडे जायला.

आता नोंद लिहायची कशी. इथे मी माझीच लक्तरं काढतो.

एका उपकरणात व्हॅक्यूम चेंबरच्या आत आरसे धरणारी चौकट बसवायची होती. चौकट स्टेनलेस स्टीलची, बोल्टही स्टेनलेस स्टीलचे. व्हॅक्यूमसाठी सगळं स्वच्छ धुऊन, तेलाचा कणही न ठेवता वापरतात. आणि स्टेनलेसवर स्टेनलेस असं कोरडं घासलं की आटे एकमेकांना धरतात. पाना अर्धा वळला की बोल्ट रुतून बसतो, पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. आमचे तीन बोल्ट असे बसले, ते ड्रिलने काढावे लागले, आणि स्वच्छ खोलीत धातूचा कीस उडाला तो वेगळाच. मी इमानदारीत नोंद लिहिली: ‘चेंबरमधले बोल्ट वंगणाशिवाय वापरू नयेत.’

आठेक महिन्यांनी दुसऱ्या देशातल्या गटाने तसाच चेंबर जोडला. त्यांनी माझी नोंद वाचली. हो, वाचली! आणि तंतोतंत पाळलीही. बोल्टना व्हॅक्यूमचं सिलिकॉन ग्रीस लावलं. त्यांचं आधीचं सगळं काम पंप आणि पाइपलाइनचं होतं, तिथे ते ग्रीस रोजच्या वापरातलं आणि योग्यच. आमच्या चेंबरात मात्र आरसे होते. सिलिकॉन सरकत पसरतं, आरशाच्या लेपावर त्याचा थर बसला की प्रकाश शोषला जातो, आणि एकदा पसरलेलं सिलिकॉन धुऊन निघता निघत नाही. चेंबर उघडून चौकट सुटी करणं, सगळे भाग पुन्हा धुणं, पुन्हा तापवून वायू काढणं, यात कित्येक आठवडे गेले. ‘वंगण’ म्हणताना माझ्या डोक्यात चांदीचा मुलामा दिलेले बोल्ट होते. चांदी मऊ, ती दोन स्टीलच्या मध्ये राहते आणि आटे धरू देत नाही. आमच्या प्रयोगशाळेत त्यालाच सगळे वंगण म्हणायचे. हे दुसऱ्या कुणाला कसं कळावं?

नंतर ती नोंद आम्ही अशी लिहिली: ‘आरसे असलेल्या चेंबरच्या आत स्टेनलेस भागांवर फक्त चांदीचा मुलामा दिलेले बोल्ट वापरावेत. कारण: कोरड्या स्टेनलेसचे आटे एकमेकांना धरतात, आमचे तीन बोल्ट ड्रिलने काढावे लागले. ग्रीस, तेल, कसलीही पेस्ट चालणार नाही. आरशांवर थर बसतो. चेंबरच्या बाहेरच्या बोल्टना ही नोंद लागू नाही. बोल्ट एकदा काढला की मुलामा खरवडलेला असू शकतो, पुन्हा वापरण्याआधी आटे भिंगाखाली पाहावेत. शंका असेल तर अमुक व्यक्तीला विचारा.’ सहा-सात वाक्यं. त्यात काय घडलं, का घडलं, कुठे लागू, कुठे नाही आणि कुणाला विचारायचं, एवढं येतं. पहिल्या नोंदीत नुसता हुकूम होता, आणि हुकूम पाळताना वाचणारा त्यातल्या रिकाम्या जागा स्वतःच्या सवयींनी भरतो.

यावरून ‘बेस्ट प्रॅक्टिस’ या शब्दाबद्दल. मी तो शक्यतो टाळतो. चांगली पद्धत ही विशिष्ट परिस्थितीत चांगली असते, आणि ती परिस्थिती लिहिणाऱ्याला इतकी अंगवळणी पडलेली असते की तो ती लिहीतच नाही. गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या वेधशाळांमधलं एक उदाहरण मी नेहमी सांगतो. या वेधशाळांत आरसे टांगायला धातूच्या तारांऐवजी काचेसारख्या सिलिकाचे बारीक तंतू वापरले की औष्णिक गोंगाट (उष्णतेने होणारी सूक्ष्म थरथर) कमी होतो. जर्मनीतल्या जीईओ-६०० मध्ये ही पद्धत रुळली, मग अमेरिकेतल्या ॲडव्हान्स्ड लायगोने ती घेतली, आणि इटलीतल्या व्हर्गोनेही. व्हर्गोत मात्र तंतू पुन्हा पुन्हा तुटायला लागले. पद्धत सिद्ध झालेली होती, तरी तंतू तुटत होते. शेवटी दोष तंतूंत सापडलाच नाही, तो व्हॅक्यूम यंत्रणेत सापडला: पंपांतून आलेले धुळीचे कण चेंबरमध्ये हवा सोडताना उडून तंतूंवर आपटत होते. तोवर ऑगस्ट २०१७ मध्ये लायगोबरोबर निरीक्षणाला उतरायची वेळ आली होती. व्हर्गोने तात्पुरत्या पोलादी तारा लावल्या, निरीक्षणात भाग घेतला, १४ ऑगस्टला लायगोच्या दोन्ही वेधशाळांसोबत संकेतही पकडला, आणि सिलिकाचे तंतू नंतर पुन्हा बसवले. मला यातला तात्पुरत्या तारांचा निर्णय फार आवडतो. ‘सगळे वापरतात म्हणून आपणही’ या दडपणाखाली कुणी अडून बसलं नाही.

म्हणून दुसऱ्या गटाची पद्धत उचलताना आमचा एक ठरलेला प्रश्न असतो: हे तुमच्याकडे चालतं, त्याला तुमच्याकडचं आणखी काय काय कारणीभूत आहे? पंप कुठले, खोलीची आर्द्रता किती, काम करणारी माणसं किती वर्षं तेच करताहेत, धुलाईचा साबणसुद्धा. पहिलं उत्तर ‘विशेष काही नाही’ असंच येतं. दुसऱ्यांदा विचारायचं.

काही गोष्टी मात्र कितीही नीट लिहिल्या तरी कागदावर येत नाहीत. याचं सगळ्यात मजेदार उदाहरण समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी टिपलेलं आहे. मॉस्कोतल्या एका गटाने नीलमण्याच्या म्हणजे सफायरच्या दंडगोलाचा ‘क्यू’ मोजला होता. वस्तू एकदा कंप पावली की किती वेळ घुमत राहते, याचं हे माप. आकडे इतके मोठे होते की पश्चिमेतल्या प्रयोगशाळांना ते जवळपास वीस वर्षं मिळवताच आले नाहीत, आणि मॉस्कोच्या आकड्यांवर शंका घेतली जाऊ लागली. ग्लासगोला ते जमले १९९९च्या उन्हाळ्यात, दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांच्या प्रयोगशाळांत जाऊन सोबत काम केल्यावर. तिथे दिसलं काय, तर दंडगोल टांगायचा रेशमी धागा किती बारीक, तो कसा बांधायचा, आणि त्याला अगदी किंचित स्निग्धता कशी द्यायची. त्याची एक रीत अशी की धागा नाकाच्या दांड्यावरून किंवा कानामागून ओढायचा! त्वचेचं तेल पुरतं. त्यातही कुणाच्या त्वचेचं तेल जास्त चांगलं, हाही चर्चेचा विषय. शोधनिबंधात हे लिहायचं कुणाला सुचेल? लपवलं कुणीच नव्हतं.

तुमच्या सात गटांत असे धागे किती आहेत ते तुम्हाला माहीत नाही, त्या गटांनाही नाही. ते बाहेर काढायचा एकच रस्ता मला ठाऊक आहे: टेक्निशियनना एकमेकांकडे पाठवा, निदान दोन आठवडे, आणि पाहायला नव्हे, काम करायला. पहिला आठवडा पाहुणचारात जातो. दुसऱ्या आठवड्यात पाहुणा स्वतः पाना हातात घेतो आणि यजमान ‘अरे, असं नको’ म्हणतो. ते ‘असं नको’ ऐकण्यासाठी प्रवासाचा सगळा खर्च असतो. बजेट कापायची वेळ आली की सगळ्यांत आधी हाच खर्च जातो, कारण त्यातून अहवाल निघत नाही. भांडायचं असेल तर इथे भांडा. वार्षिक संमेलनातली एखादी मेजवानी गेली तरी चालेल.

दोन गटांच्या सीमेवरच्या चुका हा वेगळाच प्रकार आहे. तिथे दोन्ही बाजू हुशार असतात, दोघांना धडा माहीत असतो, तरी घोटाळा होतो. ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्ग इथे जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांना जोडणारा पूल बांधत होते. जर्मनी उंची मोजते ती अ‍ॅमस्टरडॅमच्या समुद्रपातळीपासून, स्वित्झर्लंडचा आधार भूमध्य समुद्राचा. दोन्ही मापांत २७ सेंटिमीटरचा फरक. तो कुणाला माहीत नव्हता असं नाही. माहीत होता, हिशेबातही धरला होता. फक्त दुरुस्ती उलट्या चिन्हाने झाली. अधिकच्या जागी उणे. २७चे ५४ झाले. २००३ मध्ये हे लक्षात आलं आणि एका बाजूचं बांधकाम सुधारावं लागलं. ‘दोन देशांची समुद्रपातळी वेगळी असते’ हा धडा इथे काहीच कामाचा नव्हता. कामाची ठरली असती ती एक तपासणी: नदीच्या मध्यावरचा एकच बिंदू घ्या, दोन्ही बाजूंनी स्वतंत्रपणे त्याची उंची काढून एकमेकांना सांगा.

सीमेवरच्या प्रत्येक राशीसाठी हे करता येतं. सूत्र किंवा रूपांतराचा गुणक देऊन थांबू नका, एक सोडवलेलं उदाहरण द्या: ‘तुमच्या फॉर्मवर १ लिहिलं तर आमच्या फॉर्मवर ०.१ यायला हवं.’ हा आकडा उगाच घेतलेला नाही. चेंबरची गळती हेलियम वायूने तपासतात. ती काही जण मिलिबार-लिटर प्रति सेकंदात लिहितात, काही पास्कल-घनमीटर प्रति सेकंदात, आणि दोन्हींत बरोबर दहापटीचा फरक आहे. दहापट चुकलेली गळती डोळ्यांना वावगी दिसत नाही, हा खरा घात. तसंच ड्रॉइंग फर्स्ट-अँगल की थर्ड-अँगल (वस्तूच्या बाजू कागदावर मांडायच्या या दोन रीती), हे कोपऱ्यातल्या चिन्हावर सोपवू नका. युरोपातली ड्रॉइंगं बहुधा पहिल्या प्रकारची, अमेरिकेतली तिसऱ्या, आणि आरशातल्यासारखं उलटं ब्रॅकेट बनून आलेलं मी पाहिलं आहे. दशांश चिन्हाला काही देशांत स्वल्पविराम, हजारांना टिंब. तारखेत महिना अक्षरांनी लिहायचा, बस्स. यावर बैठक घेऊ नका, पहिल्या दिवशी एक पान लिहून टाका.

आता अवघड भाग. लोक चुका सांगतच नाहीत.

मार्च २००७ मध्ये सर्न या युरोपातल्या कण-भौतिकीच्या प्रयोगशाळेच्या बोगद्यात लार्ज हॅड्रॉन कोलायडर या कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्राच्या एका चुंबकाची दाब-चाचणी चालू असताना आतले आधार तुटले. चुंबक अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेने बनवलेला होता. चाचणीत एका बाजूला पडणारा लांबीच्या दिशेचा असमान जोर डिझाइनच्या हिशेबात धरलाच नव्हता, आणि १९९८ ते २००२ या काळात झालेल्या चार रिव्ह्यूंमध्येही तो सुटला होता. फर्मीलॅबच्या तेव्हाच्या संचालकांनी हे उघडपणे मान्य केलं, चारही रिव्ह्यूंत सुटल्याचं जाहीर सांगितलं, आणि उपाय दोन्हीकडच्या माणसांनी मिळून शोधला. जगभरच्या बातम्यांत नाव येत असताना हे करायला छाती लागते. त्या चार रिव्ह्यूंची गोष्ट मी नव्या रिव्ह्यूअरना आवर्जून सांगतो. ‘चाचणीच्या वेळी कुठले जोर येतात?’ हा साधा प्रश्न त्यानंतर आमच्या चेकलिस्टवर कायमचा बसला.

पण सगळ्यांना असं वरून पाठबळ नसतं. तुमच्या गटांचे करार पाहा. दोष निघाला की दुरुस्तीचा खर्च कुणी सोसायचा, हे ज्या कागदावर ठरतं, त्याच कागदावर धडाही नोंदवायला लावत असाल तर कुणी शहाणा माणूस तो नोंदवणार नाही. दोन वाटा वेगळ्या ठेवा. विमान वाहतुकीत अमेरिकेने १९७६ पासून हे केलं आहे. वैमानिक किंवा नियंत्रक आपली चूक स्वतःहून कळवतात. कळवायचं नियमन करणाऱ्या संस्थेला नाही, नासाला. नासा नावगाव काढून टाकते आणि मगच माहिती पुढे जाते. चूक हेतुपुरस्सर नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर सहसा दंडात सूट मिळते. तुमच्याकडे एवढी यंत्रणा नको. दोन गटांच्या वादात नसलेला, सगळ्यांना आवडणारा, निवृत्तीला टेकलेला एक माणूस पुरे. त्याला फोन करायचा, तो ऐकतो, ‘एका गटात असं झालं’ म्हणून लिहितो. सात गटांत कोण हे तासाभरात सगळ्यांना कळतंच, पण कागदावर नाव नसणं याला किंमत आहे.

काही गोष्टी कायद्यानेच सांगता येत नाहीत: निर्यात नियंत्रण, कंपन्यांची गुपितं. तिथे डिझाइन वगळून प्रक्रिया सांगता येते. ‘वेल्ड कसं केलं’ सांगता येत नसेल, तर ‘वेल्ड कुठल्या तपासणीत नापास झालं’ हे बहुधा सांगता येतं. काय चालतं हे घटना घडण्याआधी वकिलांकडून लिहून घ्या. नंतर विचारलं तर उत्तर नेहमी ‘नाही’ असतं.

आणि सांगितलेलं ऐकणाऱ्यापर्यंत पोचलं का? अमेरिकेत ओहायोमधल्या डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्रात २४ सप्टेंबर १९७७ला एक व्हॉल्व्ह उघडा अडकला. आतलं पाणी निसटत होतं, पण मापक पातळी वर दाखवत होता. चालकांनी भट्टी थंड ठेवणारं आपत्कालीन पाणी थांबवलं. सुदैवाने भट्टी जेमतेम ९ टक्के क्षमतेवर होती आणि वीसेक मिनिटांत खरा प्रकार लक्षात आला. भट्टी बनवणाऱ्या कंपनीतल्या अभियंत्याने फेब्रुवारी १९७८ मध्ये लिहून कळवलं की सगळ्या केंद्रांच्या चालकांना स्पष्ट सूचना द्या. तो कागद कंपनीत फिरत राहिला. २८ मार्च १९७९ला थ्री माइल आयलंडमध्ये त्याच कंपनीच्या भट्टीत तसाच व्हॉल्व्ह तसाच अडकला, चालकांनी तेच केलं, भट्टी जवळपास पूर्ण क्षमतेवर होती, आणि लक्षात यायला दोन तासांहून जास्त गेले. गाभ्याचा जवळपास निम्मा भाग वितळला. धडा होता, नेमका होता, वेळेत लिहिलेला होता. तो मिळाला की नाही हे विचारण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती.

म्हणून आमच्याकडे नियम असा होता: निवडक, म्हणजे महिन्याला दोन-तीनच, नोंदी गटांना नाव घेऊन पाठवायच्या आणि प्रत्येक गटाने तीन आठवड्यांत उत्तर द्यायचं. उत्तरं तीनच: ‘लागू आहे, हा बदल केला’; ‘लागू नाही, कारण हे’; ‘माहीत नाही, मदत हवी’. ‘नोंद घेतली’ हे उत्तर परत पाठवायचं. सुरुवातीला चिडतात. ‘लागू नाही’चं कारण लिहिताना मात्र अर्ध्या लोकांना कळतं की लागू आहे.

‘लागू आहे’ म्हणण्यात पैशांचा प्रश्न येतो, हे विसरू नका. १९ सप्टेंबर २००८ला लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये चुंबकांना जोडणारा एक विद्युत सांधा निकामी झाला आणि यंत्र वर्षाहून जास्त काळ बंद पडलं. तसे सांधे हजारोंनी होते. सगळे ताबडतोब सुधारणं शक्य नव्हतं, म्हणून २०१० मध्ये यंत्र ठरलेल्या ७ ऐवजी निम्म्याच, ३.५ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेवर चालवलं, आणि २०१३ पासूनच्या लांब बंदकाळात १० हजारांहून जास्त सांधे मजबूत केले. धडा एका सांध्याचा, बिल दहा हजारांचं. तुमच्याकडे धडा एका गटाला मिळेल आणि बिल दुसऱ्याला येईल. त्यासाठी सामायिक निधीत थोडी रक्कम आधीच बाजूला नसेल, तर ‘लागू नाही’ची उत्तरं अचानक वाढलेली दिसतील.

मासिक बैठकीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वेळ फिरती ठेवा, म्हणजे रात्री जागायची पाळी प्रत्येकावर येईल. एका बैठकीत एकच घटना, ती ज्याच्या हातून घडली त्यानेच सांगायची, स्लाइडऐवजी तुटलेल्या भागाचे फोटो. ऐकणाऱ्यांपैकी एकाने शेवटी ती आपल्या शब्दांत परत सांगायची. इंग्रजी कुणाचीच मातृभाषा नसते तेव्हा हे परत सांगणंच सगळ्यात उपयोगी पडतं. ‘वंगण’चा घोटाळा तिथे दोन मिनिटांत उघडा पडला असता. बैठकीत सगळे ‘येस, येस’ म्हणतात, त्याचा अर्थ फार तर ‘आवाज येतोय’ असा घ्या.

शेवटी तुमच्या वरिष्ठांचा एक प्रश्न येणारच: या सगळ्याचं मोजमाप काय? नोंदींची संख्या देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी आठशे होतील. नोंदींमुळे बदललेल्या ड्रॉइंगची, कार्यपद्धतींची, खरेदीच्या तपशिलांची यादी द्या, क्रमांकांसकट. पहिल्या वर्षी ती लाजिरवाणी छोटी असेल. आमची अकरा ओळींची होती, आणि त्यातल्या दोन ओळी त्या बोल्टच्या होत्या.

तुमच्याकडे येत्या तीन महिन्यांत कुठल्या गटाची जुळणी किंवा मोठी चाचणी आहे ते आधी पाहा. चारशे नोंदींची चाळणी त्या एका कामापासून सुरू करा. त्या गटाच्या टेक्निशियनला त्याच्याच कार्यपद्धतीची प्रत द्या, ज्या पायऱ्यांना दुसरीकडे कुणीतरी ठेचकाळलं आहे त्या पिवळ्या करून. तो कुठल्या पिवळ्या ओळीवर थांबून प्रश्न विचारतो ते लिहून ठेवा, कारण नोंद नेमकी तिथे अपुरी आहे.